व्याह्यांना न चाललेलं जाकीट

अमेरिकेहून परतून महिना होत आला, तरी आमच्या अमरावतीच्या कापडदुकानात गिऱ्हाईक आलं की कापडाआधी अमेरिका निघते. "काकू, नायगारा पाहिला का?" नाही पाहिला. "तो मशालवाला पुतळा तरी?" तोही नाही. मग काय पाहिलं असं विचारणाऱ्याला ब्लाउजपीस फाडून देता देता सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून बसून लिहिते आहे. लेकीच्या लग्नाला गेले होते. ते लग्न मी माझ्याच हातांनी, अगदी प्रेमाने आणि घसघशीत सवलतीत, मोडकळीला आणलं होतं. शेवट गोड झाला हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको.

आमची मुक्ता नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने ठरवलेला मुलगा चिनी. नाव जुन. हे कळलं तेव्हा आमच्या ह्यांनी दोन दिवस पेपर उलटा धरला होता. मग जुन अमरावतीला येऊन गेला, चार वेळा पिठलं मागून खाल्लं त्याने, आणि ह्यांचं मत बदललं. जुनच्या आईवडिलांना मात्र आम्ही फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. ते हेनान प्रांतातून लग्नाला येणार होते आणि आमची व्याहीभेट थेट अमेरिकेत व्हायची होती.

शिकागो

आधी आम्ही शिकागोला उतरलो. ह्यांचे चुलतभाऊ तिथे डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या पत्नी नलूवहिनी म्हणजे चालताबोलता रुखवत. "लग्नाचं सामान डेव्हनवर घ्या, तुमच्या मुक्ताच्या गावात मुंडावळ्या मिळायच्या नाहीत," असं त्यांनी आम्हाला महिनाभर आधीच बजावलं होतं.

डेव्हन ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात मुंडावळ्या हाताने ओवून झाल्या असत्या. पण रस्ता झकास. साड्या, मिठाया, पापडांच्या थप्प्या, आणि बसथांब्यावर स्वेटर घातलेल्या आजीबाई भाजीची पिशवी पायाशी ठेवून उभ्या. नारळ मात्र इथे प्लास्टिकच्या जाळीत घालून विकतात. मी दोन नारळ कानाशी धरून वाजवले, तर दुकानदार हसला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही नव्या आलात वाटतं." जुने झाले की लोक नारळ वाजवायचे सोडतात की काय, देव जाणे.

आता प्रश्न आहेराचा. विहीणबाईंसाठी मी पैठणी आणली होतीच. ती नेसता नाही आली तरी बाईला रेशीम कळतं. व्याह्यांचं काय? सफारीचं कापड देऊन तो माणूस चीनमध्ये शिवणार कुठे? नलूवहिनी म्हणाल्या, "अगं, वापरता येईल असं काहीतरी दे. इथल्या थंडीत त्यांना जाकीटच लागेल. आऊटलेटला जाऊ, ब्रँडेड घेऊ."

आऊटलेट म्हणजे गावाबाहेरचा बाजार. मोठमोठ्या कंपन्या तिथे उरलासुरला माल स्वस्तात विकतात, आणि उरलासुरला म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये असे दिवे लावून विकतात. तिथे युरोपातल्या एका नावाजलेल्या कंपनीच्या दुकानात मला ते जाकीट दिसलं. निळं, सुती, आत मऊ अस्तर. मी कापड चिमटीत धरून चोळलं, उलटं करून शिवण पाहिली, बटण ओढून पाहिलं. तीस वर्षं कापडात गेली, मला कुणी फसवू शकत नाही. माप मी फोटोवरून डोळ्यांनीच काढलं. माल अस्सल होता, वर सवलत. मी खूश, नलूवहिनी खूश, हे बाहेर बाकावर झोपलेले.

घरी आल्यावर मी आपल्या रीतीप्रमाणे किमतीचा कागद कापून टाकला आणि कंपनीचं लेबल तेवढं लटकत ठेवलं. आपल्याकडे आहेर असाच देतात. किंमत दिसू द्यायची नाही, पण माल कुठला आहे हे समोरच्याला कळलं पाहिजे. त्या लेबलावर बारीक इंग्रजीत चार ओळी होत्या. मी काही वाचल्या नाहीत. चष्मा पर्समध्ये होता, आणि कापडाचं लेबल वाचायला मला कधी चष्मा लागला नव्हता.

मॉरिसव्हिल

मॉरिसव्हिल हे गाव म्हणावं तर गाव नाही. सगळीकडे उंच पाइनची झाडं, त्यांच्यामध्ये लपवून ठेवल्यासारखी घरं आणि अर्ध्या घरांच्या दारात तुळस. मुक्ताच्या गल्लीत संध्याकाळी फोडणीचा वास येतो. शेजारचे पुण्याचे जोशी रस्त्यातच भेटले आणि म्हणाले, "काकू, वेलकम! वीकेंडला क्लबहाऊस बुक आहे ना तुमचं? आम्ही येतोच आहोत यार." रस्त्यावर चालणारं मात्र कुणी दिसत नाही. दूध आणायलाही माणसं गाडी काढतात.

जुनचे आईवडील आदल्या दिवशी आले होते. व्याही उंच, ताठ, कमी बोलणारे. एका सूतगिरणीत सूत तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. विहीणबाई बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी माझ्या हातातली बॅग काढून स्वतः आत नेली. त्यांना इंग्रजी येत नाही, माझं कामापुरतं. पण त्या स्वयंपाकघरात कणकेचे लांबच लांब दोर हाताने ओढत होत्या आणि मी बाजूला पाटवड्या थापत होते, तेव्हा आमचं कुठे काही अडलं नाही. त्यांनी पाटवडी खाऊन डोळे मोठे केले. मी त्यांच्या शेवया मागून घेतल्या, फक्त मांसाचा रस्सा बाजूला ठेवून. त्यावर त्या मला आजारी समजल्या असाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी आल्याचं पाणी उकळून ठेवलं होतं.

संध्याकाळी व्याहीभेट केली. मी दोघांना खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, नारळ हातात दिला. आमच्या ह्यांनी व्याह्यांना उठवून मिठी मारली. व्याही लाकडासारखे उभे राहिले, पण हसले. पैठणी विहीणबाईंनी खांद्यावरून पुढे घेतली आणि आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मग मी जाकीट काढलं. आहेर द्यायचा तर तिथल्या तिथे अंगावर चढवून द्यायचा, ही आपली पद्धत. मी जाकीट पसरून धरलं. व्याह्यांनी एक हात बाहीत घातला. दुसरा घालताना ते लेबल त्यांच्या हाताशी आलं.

त्यांनी ते वाचलं. त्यांना चष्मा लागत नव्हता, आणि कापडाच्या धंद्यातलं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा बरं येत होतं.

मग त्यांनी हात बाहीतून काढला. जाकिटाची व्यवस्थित घडी केली. आमच्या दुकानातल्या पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवते तशी, बाह्या आत दुमडून. टेबलावर ठेवलं, जुनला दोन वाक्यं बोलले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मी नक्की काय दाखवलं ते मला कळेना.

मुक्ता धावत आली. जाकीट पाहून तिने कपाळावर हात मारला. "आई! तू सिरियसली हे घेतलंस? या कंपनीचं? आणि टॅगसकट?"

"किंमत काढली की गं मी."

"किंमत राहू दे! त्यावर काय लिहिलंय वाचलंस?"

तिने वाचून दाखवलं. या कपड्यातला कापूस कुठेही सक्तीच्या मजुरीने वेचलेला नाही, अशी कंपनीची हमी होती.

मग सगळं समजलं. काही वर्षांपूर्वी या कंपनीने जाहीर केलं होतं की चीनमधल्या शिनजियांगचा कापूस आपण वापरणार नाही, कारण तिथल्या उइघुर मुसलमानांकडून जबरदस्तीने काम करून घेतात अशा बातम्या आहेत. त्यावर चीनमधले लोक खवळले. त्या कंपनीचे कपडे कुणी घेईना, दुकानं बंद पडली, नटनट्यांनी जाहिराती सोडल्या. "माझ्या कपाटातले तिचे सगळे कपडे बाबांनी पोत्यात भरले होते," जुन म्हणाला. तो इंग्रजीत बोलतो, मी इथे मराठीत लिहिते. "आणि काकू, बाबांच्या गिरणीत सूत त्याच कापसाचं होतं. बाहेरच्या ऑर्डरी थांबल्या. बाबांच्या हाताखालची किती तरी माणसं घरी बसली. त्यांच्यासाठी ही पेपरातली बातमी नाही."

"पण मी ते मुद्दाम दिलं असं त्यांना का वाटावं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुक्ताच्या ऑफिसात एक उइघुर मुलगी आहे. दिलनूर म्हणूया तिला. तिला लहानपणी वाढवणाऱ्या मावशीचा फोन कैक वर्षं लागत नाही. नेऊन कुठल्या कारखान्यात ठेवली असं कुणी सांगतं, कुणी आणखी काही सांगतं. मागच्या महिन्यात फोनवर हा विषय निघाला आणि व्याही म्हणाले की हे सगळं परदेशी लोकांनी रचलेलं आहे. मुक्ता गप्प बसणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, माझी मैत्रीण रचलेली नाही, ती माझ्या लग्नाला येणार आहे, तुम्हीच तिला विचारा. त्यानंतर दोघांत बोलणं झालेलं नव्हतं.

"आता त्यांना वाटतंय," जुन खाली मान घालून म्हणाला, "की तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना उत्तर दिलं. त्यांच्या अंगावर चढवून दिलं. ते म्हणतायत, लग्नाला येणार नाहीत."

माझी तर पाचावर धारण बसली. लग्न शनिवारी, आणि हा गुरुवार. जुनने हळूच मुक्ताला म्हटलं, "दिलनूरला आपण वेगळं जेवायला बोलावू या का? नंतर कधीतरी?"

"नाही," मुक्ता म्हणाली. "तिला फॅमिली म्हणून मीच आहे इथे. ती येणारच." आणि मग आपली लेक रडायला लागली. रडत होती तरी शब्द मागे घेत नव्हती. मला तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

कापसाच्या वाटेवर

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं, निदान ते जाकीट घरातून जाऊ दे. त्या कंपनीचं एक दुकान इथूनही तासाभरावर होतं. जुन गाडी काढणार म्हटल्यावर विहीणबाईही चपला घालून तयार. नवऱ्याशी त्यांचं सकाळपासून काही बोलणं झालेलं दिसत नव्हतं. हे घरी थांबले. "मी बसतो त्याईच्यापाशी," म्हणाले. "तू नको येऊ त्या खोलीत, तुले पाहून भडकतील."

शहर संपलं तशी लाल माती लागली. आपल्या काळ्या मातीची सवय असलेल्या डोळ्यांना ती भाजलेल्या विटेसारखी दिसते. आणि एका वळणावर मी ओरडलेच, "थांब, थांब!" रस्त्याच्या कडेपासून थेट झाडांच्या रांगेपर्यंत पांढरं शुभ्र वावर. कापूस! कॉम्प्युटरवाल्यांच्या या गावापासून इतक्या जवळ कापूस असेल हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

जुनने गाडी कडेला घेतली. आम्ही उतरलो. बांधावर पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या गोल गठाणी पडल्या होत्या, एकेक आमच्या दुकानाच्या दारातून आत न मावणारी. दूरवर एक यंत्र फिरत होतं. माझं माहेर अंजनगावकडचं, कापसाचं. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. तो भात खाऊनच मी मोठी झाले.

"इथे वेचायला बाया येतात का?" मी विचारलं.

"आता सगळं यंत्राने, काकू."

"आणि यंत्र नव्हतं तेव्हा?"

"तेव्हा गुलाम वेचायचे," जुन म्हणाला. "याच भागात."

विहीणबाईंनी त्याला काहीतरी विचारलं. मी काय विचारलं आणि तो काय म्हणाला ते त्याने सांगितलं असावं. त्या वावराच्या कडेला गेल्या. मग बांधाच्या कडेच्या झाडाशी वाकल्या आणि तीन बोटं आणि अंगठा लावून एका बोंडातला कापूस असा उपसला की पाल्याचा कणही सोबत आला नाही. मी बघतच राहिले. हे पुस्तकातून येत नाही, आणि गिरणीतल्या साहेबाच्या बायकोलाही येत नाही. मीही वाकले. मलाही अजून येतं, पण माझ्या कापसाला पाला चिकटून आला. विहीणबाई हसल्या आणि त्यांनी तो वेचून टाकला. मी कमरेला ओटी बांधल्याचा हावभाव केला, तर त्यांनी लगेच तसाच हावभाव करून पोटासमोर पिशवी धरून दाखवली. मग त्यांनी नखाच्या कडेवर बोट ठेवलं. बोंडाची टोकं तिथेच टोचतात आणि चिरा पडतात. मी माझं बोट पुढे केलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि आम्ही दोन विहिणी एकमेकींची बोटं तपासत उभ्या होतो.

मग त्या बोलायला लागल्या. जुन ऐकत ऐकत सांगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की यातलं बरंच तोही पहिल्यांदाच ऐकतोय. जुन शाळेत जायच्या आधी, पावसाळा सरला की गावातल्या बाया रेल्वेने पश्चिमेला शिनजियांगला जायच्या. कापूस वेचायला. पोरं सासूपाशी ठेवून. विहीणबाई चार हंगाम गेल्या. "मला कुणी धरून नेलं नाही. पैसे हवे होते, म्हणून गेले. म्हणून टीव्हीवर कुणी म्हणालं की तिथे जबरदस्ती होते, की मला राग यायचा. माझ्यावर कुणी केली जबरदस्ती? माझ्या मेहनतीला खोटं का म्हणता?"

 हातातला कापूस त्यांनी बोटांनी ओढून ओढून लांब केला होता.

मग एक वाक्य बोलल्या, ते जुनने लगेच सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आई म्हणाली, ती माझी गोष्ट झाली. शेजारच्या वावरात कोण वेचत होतं, ते मी कधी विचारलं नाही."

 आम्ही गाडीत बसलो.

दुकानात जाकीट परत करणं मात्र इतकं सोपं की मला संशयच आला. आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी आहे, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही', आणि ती माझ्या सासऱ्यांनी रंगवून घेतलेली आहे. इथे काउंटरवरच्या मुलीने जाकीट उलटसुलट पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, काही खराबी आहे का?

"जाकीट चांगलं आहे," मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. "मुलाच्या वडिलांना चाललं नाही."

"अरे रे," ती म्हणाली, "रंग?"

जुन दुसरीकडे बघायला लागला. मी म्हटलं, हो, रंगच.

टॉवेल-टोपी

घरी परतलो तर मागच्या अंगणातल्या उन्हात व्याही आणि हे शेजारी शेजारी बसलेले. व्याह्यांनी हातात एक पांढरा टॉवेल उजेडाकडे धरला होता आणि एक धागा नखाने सोडवून त्याचा पीळ मोजत होते. ह्यांच्या मांडीवर पांढरी टोपी. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"सोलापुरी आहे," हे म्हणाले. "मी अमरावतीहूनच बॅगेत टाकून आणली होती टॉवेल-टोपी. तू जाकीट जाकीट करून राहिली होती, मी म्हटलं राहू दे. माणूस आला की टॉवेल-टोपी द्यायचीच."

"काय बोललात त्यांच्याशी?"

"काय बोलणार? टॉवेल दिला. त्याईनं पाह्यला. लई वेळचे पाहूनच राहिले."

कापडवाल्या बाईचं जाकीट घडी होऊन परत गेलं आणि ह्यांचा टॉवेल मान पावला. एरवी मी हे सहन केलं नसतं. त्या दिवशी मात्र मी जुनला म्हटलं, "मी बोलते ते सगळं सांग, काही गाळू नकोस." आणि व्याह्यांसमोर बसून सांगितलं, की ते जाकीट मी निवडलं, मुक्ताला दाखवलंसुद्धा नव्हतं, लेबल मी वाचलं नाही, मला फक्त कापड आणि सवलत दिसली. तुमच्या मनाला लागलं याचं मला फार वाईट वाटतं. मुक्ताचं म्हणणं मुक्ताचं आहे, ते ती मागे घेणार नाही आणि मीही तिला सांगणार नाही. पण ती तुम्हाला टोमणा मारायला माझ्या हातून आहेर देईल, अशी ती नाही.

व्याह्यांनी टॉवेलाचा आणखी एक धागा सोडवला.

मग ह्यांना काय सुचलं कोण जाणे, मध्येच म्हणाले, "जुन, त्याईले आमच्या पाटीचं सांग." आणि स्वतःच सांगायला लागले. सीमेवर झटापट झाली त्या वर्षी अमरावतीच्या बाजारात सगळ्यांनी पाट्या लावल्या, 'येथे चिनी माल मिळत नाही'. आम्हीही लावली, मोठी, लाल अक्षरात. चारच दिवसांत आमचे शिंपी आले आणि विचारू लागले, चेन कुठल्या लावू? हुक कुठले? लेस कुठली? सगळं तिकडचंच. बायांचे नवे ब्लाउज हुकाविना पडून राहिले. शेवटी ह्यांनी पाटी उतरवली आणि तिच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'दिवाळी सेल'.

जुन सांगत होता आणि व्याह्यांचा चेहरा तसाच दगडी. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. "हुकाशिवाय!" असं काहीतरी ते विहीणबाईंना म्हणाले आणि पुन्हा हसले.

मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मुक्ता चहा घेऊन आली. व्याही हसायचे थांबले आणि त्यांनी तिला इंग्रजीत, स्वतःच, विचारलं, "ती मुलगी येणार आहे?"

"हो," मुक्ता म्हणाली.  "येणार आहे."

त्यांनी चहा घेतला, संपवला, कप खाली ठेवला आणि आत गेले. मागोमाग विहीणबाई गेल्या आणि दार लागलं. आतून खूप वेळ फक्त त्यांचाच आवाज येत होता. हळू, न थांबता, वाटाणे सोलत बोलल्यासारखा.

लग्न

क्लबहाऊस म्हणजे वसाहतीचं सभागृह, घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणजे इथल्या हिशेबाने फार लांब. गुरुजी नागपूरचे, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार मुहूर्त. "काकू, माझं दुपारी एक गृहप्रवेशाचं बुकिंग आहे, आपण टाइमवर स्टार्ट करू," त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

जुन आईला घेऊन गाडीतून आला. मागचं सीट रिकामं होतं. विहीणबाईंनी पैठणी नेसली होती. शेजारच्या जोशीकाकूंनी नेसवून दिली होती, आणि ती त्यांना अशी शोभत होती की मला बघून भरून आलं. पण त्यांचे डोळे दाराकडे. "बाबा म्हणाले, तुम्ही पुढे व्हा," जुन म्हणाला. याचा अर्थ त्यालाही कळला नव्हता.

तिसऱ्या रांगेत दिलनूर बसली होती. हिरवा झगा, लांब वेणी, हात मांडीवर एकमेकांत घट्ट. ती मला "आंटी" म्हणाली आणि लगेच विचारलं, "मी मागे बसू का? म्हणजे फोटोत येणार नाही." मी म्हटलं, इथेच बस. आपल्या तिरीमिरीत जरा जोरातच म्हटलं.

अंतरपाट धरला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाच मिनिटं. ती झाली. मी म्हटलं, अजून थोडं. मुक्ता अंतरपाटाआड खाली मान घालून उभी होती आणि जुनच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. मला त्या क्षणी वाटलं की आपण नायगारा पाहून परत गेलो असतो तर किती बरं झालं असतं.

मग कुणीतरी म्हणालं, "ते बघा, कोण चालत येतंय."

काचेतून पायवाट दिसत होती. पाइनच्या झाडांखालून, काळा सूट घालून, एकटे, ताठ, आणि डोक्यावर पांढरी टोपी. आमची. टॉवेलही होता, खांद्यावर, व्यवस्थित घडी घालून. मॉरिसव्हिलमध्ये शनिवारी सकाळी कुणी चालत नाही, त्यात असा माणूस. येणाऱ्याजाणाऱ्या दोन गाड्या हळू झाल्या. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, लग्नासाठी शिकागोहून आलेल्या नलूवहिनींच्या मांडीवर मी जवळजवळ बसलेच. मुक्ताने अंतरपाटाच्या कडेने डोकावून पाहिलं आणि भर मांडवात मोठ्याने हसली. गुरुजींनी तेवढ्यात "शुभ मंगल" सुरू करून टाकलं.

जेवणं झकास झाली. जिलबी, मसालेभात, आणि बाजूला विहीणबाईंच्या पालेभाजीच्या शेवया, खास आमच्यासाठी बिनरश्श्याच्या. दोन्हीकडची माणसं दोन्हीकडचं खात होती. मी इतकी हलकी झाले होते की ह्यांना दुसऱ्यांदा जिलबी वाढली आणि साखरेचा विषय काढला नाही.

तेवढ्यात पाहिलं, विहीणबाई आपलं ताट घेऊन दिलनूरच्या टेबलाशी गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मुक्ताचा घास हातातच राहिला. त्या दोघी चिनीत बोलत होत्या. आधी विहीणबाईच बोलल्या. दिलनूर मान हलवून नाही नाही म्हणत होती. मग विहीणबाईंनी काही न बोलता तिचा हात हातात घेतला, आणि ती बोलायला लागली. थोड्या वेळाने व्याही टोपी सावरत तिथे गेले. बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि ऐकत होते.

निघताना मी जुनला विचारलं, "काय चाललं होतं तिथे?"

"आईने तिच्या मावशीचं नाव विचारलं," जुन म्हणाला. "गाव कुठलं, आणि शेवटचं कुठे पाहिलं. दिलनूर आधी सांगेना, नाव बाहेर गेलं तर मावशीला त्रास होईल म्हणून घाबरत होती. मग सांगितलं."

"आणि बाबा?"

"त्यांनी ते नाव तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं, बरोबर आहे ना म्हणून."

मुक्ताने ते नाव मलाही सांगितलं. चांगलं दोन शब्दांचं नाव आहे, म्हणायला सोपं. मी ते इथे लिहीत नाही, कारण आम्हाला निरोप द्यायला आलेल्या दिलनूरने विमानतळावर मला मिठी मारून तेवढी एकच गोष्ट मागितली होती.